पाच दिवस एकटे राहणारे रान

पैठण तालुक्याचे दोन चेहरे आहेत. गोदावरीच्या आणि कालव्याच्या अंगाने गेलात तर ऊस, कापूस, मोसंबी दिसते. आत सरकलात, विशेषतः आडूळ-पाचोडकडे, तर उथळ मातीची मुरमाड माळराने लागतात. कुसळी गवत, बोरीची जाळी, अधूनमधून एखादा पळस. वाळूज-चितेगावच्या कारखान्यांत किंवा संभाजीनगरच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा या दुसऱ्या प्रकारचीच जमीन येते, मग ती वाटणीत आलेली असो वा पैसे साठवून घेतलेली. तिथे वीज नसते, नळ नसतो, पावसाळ्यात कित्येकदा वाटही नसते. तरी तिथे झाडी उभी करावी, एक खोली बांधावी, शनिवारी जाऊन रविवारी संध्याकाळी परतावे, अशी पुष्कळांची मनापासून इच्छा असते. ती पुरी होऊ शकते. त्यासाठी प्रत्येक कामाआधी एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्यावी लागते: सोमवार ते शुक्रवार मी इथे नसेन, तेव्हा याचे काय होईल?

पाइप, रोप, पॅनेल, कुंपण, पाण्याची टाकी, सगळे या एका प्रश्नाला लावून पाहा. रोज कुणीतरी बघावे लागेल अशी वस्तू पहिल्या दोन वर्षांत रानात आणूच नका.

जमीन अजून घ्यायची असेल तर कागदांपासून सुरुवात करा. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, आणि मराठवाड्यात त्यासाठी १९५०चा हैदराबादचा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. घरात कुणाच्या तरी नावे सातबारा असला पाहिजे. तुकडेबंदीही लक्षात ठेवा. २०२३च्या अधिसूचनेनुसार जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे आहे. ‘पाच गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट’ म्हणून शेतजमिनीचा तुकडा कुणी स्टॅम्प पेपरवर देऊ करत असेल तर तिथूनच परत फिरा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेले असेल तर थांबून चौकशी करा. जायकवाडी धरणाचे काम १९६५ साली सुरू झाले, १९७६ साली धरण पुरे झाले आणि त्यात शंभराहून अधिक गावे उठली. त्या पुनर्वसनात दिलेल्या जमिनी, तशाच देवस्थानच्या आणि जुन्या इनामी जमिनी या तालुक्यात पुष्कळ आहेत, आणि त्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाहीत. म्हणून आजच्या सातबाऱ्यावर समाधान मानू नका. फेरफार मागे मागे काढत १९५४-५५च्या खासरा पत्रकापर्यंत जा.

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, काठावरची जमीन पाहून भुलायला होते. पण पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन संपादित झालेली असते, ती विकायचा अधिकार कुणालाच नाही. शिवाय जायकवाडी हे १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे आणि २०१७मध्ये त्याभोवतीचा पट्टा पर्यावरण-संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला आहे. तिथे बांधकामाचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असले पाहिजेत.

वाटेचा प्रश्न खरेदीआधीच सोडवा. नकाशात पाणंद दिसते आणि जागेवर कापूस उभा असतो, हे नेहमीचे चित्र आहे. महसूल अधिनियमाच्या कलम १४३खाली तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतात, पण त्या वाटेने पुढची तीस वर्षे तुम्हाला शेजाऱ्याच्या दारावरूनच जायचे असते. बोलून, बसून मिळालेली वाट हुकमाने मिळालेल्या वाटेपेक्षा कधीही चांगली. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, खुणांचे दगड पुरताना चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना उभे करा. काळ्या मातीतली वाट जूनपासून चारचाकीला बंद होते, म्हणून सिमेंट, पत्रा, दगड, टाकी असे सगळे जड सामान मेअखेर आत गेलेले असावे. फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणच्या रस्त्यांवर दिंड्या असतात, त्या आठवड्यात मालाची गाडी बोलावू नये.

आता पाणी. सगळ्यात जास्त विचार इथे करा.

धरण जवळ आहे म्हणून पाणी आपले होत नाही. नाथसागरातून किंवा कालव्यातून उपसा करायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. इथला पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आणि मध्ये मोठी उघडीप देऊन. खाली बेसाल्टचा खडक आहे. त्यात भेग लागली तर बोअरला पाणी, नाही तर नुसती धूळ. २०१२-१३च्या दुष्काळात पैठण, अंबड, जालना भागांतल्या मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या स्वतःच्या हाताने तोडल्या. त्या बागांचे मालक रोज शेतात होते, त्यांच्याकडे विहिरी होत्या. आठवड्यातून एकदा येणाऱ्याने तर झाडांचा आकडा पाण्यावरूनच ठरवावा, हौसेवरून ठरवू नये.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लीटर पाणी मिळते. तीस चौरस मीटरचा पत्रा आणि सहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे अठरा हजार लीटर. पहिला पाऊस वाहू द्यायचा, थोडे सांडते, थोडे उडते. चौदा हजार लीटर हाती राहते असे धरा. पाच हजार लीटरच्या तीन टाक्यांत ते मावते. एका रोपाला हिवाळ्यात पंधरवड्याला दहा लीटर आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आठवड्याला पंधरा लीटर दिले, तर वर्षाला तीनशे लीटरच्या थोडे वर लागते. म्हणजे या छपरावर चाळीस-पंचेचाळीस झाडे जगतात. लावायची ती तेवढीच. पाचशे खड्डे खणून चारशे साठ रोपे एप्रिलमध्ये मरू देण्यापेक्षा चाळीस झाडे मोठी करण्यात कितीतरी जास्त रान आहे. टँकर हा आणीबाणीचा उपाय आहे. त्याच्या भरवशावर लागवड करू नका.

जमिनीत पाणी मुरवण्याचे काम मात्र मनमुराद करा, कारण ते एकदा केले की तुम्ही नसतानाही चालू राहते. उताराला आडवे, सपाटीच्या रेषेत, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल समतल चर खणा. खणलेली माती चराच्या खालच्या बाजूला ठेवा आणि त्या मातीवर गवताचे ठोंब, सीताफळ, करंज लावा. सपाटीची रेषा काढायला महागडे यंत्र लागत नाही, गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. ओघळीत जागच्याच दगडांचे छोटे आडवे बांध घाला, वरच्या टोकापासून सुरुवात करून खाली येत. खालून सुरुवात केली तर पहिल्याच मोठ्या पावसात वरचा लोंढा ते उधळून लावतो. जालना तालुक्यातल्या कडवंचीने १९९६पासून पाणलोटाची कामे केली आणि जवळपास एवढ्याच पावसावर गाव द्राक्षबागांपर्यंत पोचले. एक शनिवार-रविवार काढून ते गाव पाहून या.

शेततळ्याचा मोह अनेकांना होतो. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या तळ्यात बावीस लाख लीटरच्या आसपास पाणी मावते, हे खरे. पण पाच दिवस निर्मनुष्य असणाऱ्या जागी अस्तराचे शेततळे म्हणजे जीवघेणी वस्तू आहे. प्लॅस्टिकच्या घसरड्या उतारावरून आत गेलेले मूल किंवा वासरू वर येऊ शकत नाही. पक्के कुंपण, कुलूप आणि चारही बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठीचे दोर, एवढे करणार असाल तरच खणा.

रोपांना पाणी द्यायला ठिबक उत्तम, पण टाकी थेट ठिबकला जोडून घरी जाऊ नका. खारी, उंदीर, रोही (नीलगाय) तहानेने पाइप फोडतात आणि पुढच्या शनिवारी टाकी कोरडी सापडते. मध्ये दोनशे लीटरचा पिंप ठेवा. तीन फुटांच्या ओट्यावर पिंप, त्यातून पोटनळ्या, आणि जाताना मोठ्या टाकीचा कॉक बंद. पाइप फुटलाच तर नुकसान एका पिंपाचे होते. एवढ्या कमी उंचीच्या दाबाला बारीक नळ्या किंवा साधे ड्रिपर चालतात, दाब नियंत्रित करणारे महाग ड्रिपर चालत नाहीत. याहून सोपा उपाय मडक्याचा आहे. आठ-दहा लीटरचे, नीट भाजलेले पण झिरपणारे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा, तोंडावर झाकण ठेवा. ओल आठवडाभर मुळांपाशी राहते. भोवती उसाचे पाचट किंवा तुरीच्या भुसाचे चांगले चार बोटे आच्छादन घाला. वाळवी दिसली तर आच्छादन खोडापासून थोडे दूर सारा आणि निंबोळी पेंड टाका.

झाडांबद्दल एक कळकळीची विनंती आहे. पहिल्याच शनिवारी जेसीबी बोलावून रान ‘साफ’ करू नका. ज्याला आपण काटेकुटे म्हणतो ती बोर, हिवर, पळस, भोकर यांची खुंटे असतात. त्यांची मुळे वर्षानुवर्षे खडकात उतरलेली आहेत. दर वर्षी शेळ्या खातात, आग लागते, म्हणून ती गुडघाभर दिसतात. चराई आणि आग थांबवली, प्रत्येक खुंटाचा एक जोमदार फुटवा ठेवून बाकीचे छाटले, की तीन पावसाळ्यांत ती डोक्याच्या वर जातात. एक थेंब पाणी न देता. नर्सरीतले कुठलेही रोप त्यांची बरोबरी करत नाही. फक्त वेडी बाभूळ असेल तर ती मुळासकट काढा, कारण ती दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही.

नवीन काय लावायचे याचे उत्तर कन्नडकडच्या गौताळा अभयारण्यात आहे. आपल्या जिल्ह्याचे मूळचे जंगल पानगळीचे आणि कोरड्या हवेचे आहे. ते उन्हाळ्यात उघडेबोडके दिसते आणि तसेच ते जगते. वर्षभर हिरवीगार दाटी माळावर मागू नये. सुरुवातीला कडुनिंब, करंज, बाभूळ, आपटा, सीताफळ, बेल, कवठ. सीताफळाच्या पानाला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून कडेच्या ओळीला ते पहिले. चराच्या खाली, जिथे ओल टिकते तिथे, चिंच, जांभूळ, उंबर. मियावाकी पद्धतीत एका चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात आणि पहिली दोन-तीन वर्षे त्यांना नियमित पाणी व निगा लागते. शहरातल्या बागेत ती शोभते, पाण्याविना माळावर ती करू नका. चंदनाच्या लागवडीच्या जाहिराती फार दिसतात. पण ज्या झाडाचा गाभा चोर रात्रीतून कापून नेतात, ते पाच दिवस एकट्या असणाऱ्या रानात कशाला? आणि साग, खैर, चंदन, चिंच, आंबा, जांभूळ, मोह अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या मालकीची असली तरी १९६४च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लावलेली झाडे ई-पीक पाहणीत नोंदवून सातबाऱ्यावर आणा, पुढे उपयोगी पडते.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या, दोन फूट लांब, रुंद आणि खोल, आणि उन्हात तापू द्या. वरची माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून पहिल्या पावसाआधी भरा. रोपे मृगाच्या पहिल्या सरीला लावायची घाई नको. दोन-तीन चांगले पाऊस होऊन फूटभर ओल गेल्यावरच लावा. रोपे सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात, फळझाडांची कलमे हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रात. माती तपासायला पैठण रस्त्यावरचे कृषी विज्ञान केंद्र वाटेतच आहे.

कुंपण म्हणजे पहिल्या दिवशी काटेरी तार, असे समजले जाते. तार महाग पडते आणि चोरीलाही जाते. घायपात आणि सागरगोटा यांची दोन ओळींची जिवंत कुंपणे तीन वर्षांत दाट होतात. तोवर बोरी-बाभळीच्या काट्या रचा. रोही मात्र या कशालाच जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक रोपाला स्वतंत्र काटेरी आळे करावे लागते, आणि चाळीसच झाडे असल्यामुळे ते करणे शक्य असते.

खरे कुंपण शेजारी असतो. “दादा, तुम्ही शनिवारी येता, रोही रोज येतात,” असे कुणी म्हणाले तर ते टोमणा समजू नका. तो माणूस तुमच्या रानाकडे रोज बघतो आहे. तुमच्या रानातले गवत कापून न्यायची मुभा त्याला द्या. सोडून चारणे नाही, कापून नेणे. त्याला चारा मिळतो, तुमचे गवत दिवाळीनंतर उभे वाळत नाही आणि माणूस रोज फिरतो. मेंढपाळांचे कळप दर वर्षी ठरलेल्या वाटांनी येतात. त्यांच्याशी आधीच बोला, कडेचा एक पट्टा आणि पाण्याची जागा त्यांना मोकळी ठेवा, लेंडीखत तुम्हाला मिळेल. जमिनीचा थोडा भाग बटईने देणार असाल तर वर्षापुरता आणि लेखी द्या. तोंडी व्यवहारांतून दोन्ही बाजूंची मने कडू होतात.

आगीचा धोका फेब्रुवारी ते मे. बांध जाळताना उडालेली ठिणगी कुसळी गवतात पडली तर तीन वर्षांची झाडे अर्ध्या तासात जातात. दिवाळीनंतरचे दोन शनिवार-रविवार राखून ठेवा आणि हद्दीच्या आतून सगळीकडे दहा-पंधरा फूट रुंदीचा जाळपट्टा गवत काढून मोकळा करा. शेजारी बांध कधी जाळणार ते विचारा, त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि मदतीला उभे राहा.

खोली दुसऱ्या वर्षी बांधा. पहिल्या वर्षी चार खांबांवर पत्र्याचे छप्पर पुरते, पाणी धरायला तेच हवे असते. दोन ऋतू राहिल्यावर वारा कुठून येतो, पाणी कुठून वाहते, दुपारची सावली कुठे पडते, हे कळते. शेतीची अवजारे, धान्य, जनावरे आणि शेतकऱ्याचे राहणे यांसाठी शेतघर बांधायला महसूल कायद्यात मुभा आहे, पण क्षेत्रानुसार मर्यादा आहेत. त्या तलाठी आणि ग्रामपंचायतीकडून समजून घ्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंती फाडते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्या किंवा खोलीच मुरमाड उंचवट्यावर घ्या. जोते जागच्या काळ्या दगडाचे, दोन फूट उंच. पत्र्याखाली तुराट्यांचे किंवा पाचटाचे छत घातले तर मे महिन्यात आत बसता येते. शौचालय दोन शोषखड्ड्यांचे करा, विहीर किंवा बोअरपासून किमान पन्नास फूट लांब.

विजेची गरज फार थोडी असते. नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास, एक कमी विजेचा पंखा रात्रभर आणि दोन फोन, एवढ्याला दिवसाला चारशे वॅट-तासांच्या आत भागते. दीडशे वॅटचे दोन पॅनेल आणि बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी ढगाळ दिवसालाही पुरते. शिशाची बॅटरी स्वस्त असते, पण पाणी बघावे लागते आणि पाच दिवस दुर्लक्ष तिला मानवत नाही. पॅनेल काढता येतील असे बसवा आणि जाताना खोलीत कुलपात ठेवा. विहीर किंवा शेततळे झाल्यावर पंप हवा असेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्केच रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो.

रात्रीच्या मुक्कामाची तयारी हलक्याने घेऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. मण्यार रात्री अंथरुणात येऊन चावते आणि चावल्याची खूणही नीट दिसत नाही, म्हणून जमिनीवर झोपू नका, खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. दगडांचे ढीग आणि लाकडे खोलीपासून दूर ठेवा. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे काहीही करू नका. चावलेला हात-पाय न हलवता १०८ला फोन करा आणि पैठणचे शासकीय रुग्णालय किंवा संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठा. आधी एकदा दिवसा ती वाट मोजून ठेवा, आणि फोनची रेंज रानात नेमकी कुठे मिळते तेही घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नका, ठसे दिसले तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. जून आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा फार पडतात. फोनवर दामिनी ॲप ठेवा, आणि गडगडाट सुरू झाला की झाडाखाली न थांबता खोलीत या.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर पहिल्या चाळीस झाडांचे पाणी हळूहळू तोडा. आधी आठवड्याचे पंधरवड्यावर आणा, मग महिन्यावर. उन्हाळ्यात पाने गळतील, घाबरू नका. जूनमध्ये जी पुन्हा फुटतील त्यांना यापुढे तुमच्या पाण्याची गरज नाही, आणि टाकीतले ते चौदा हजार लीटर पुढच्या चाळीस रोपांसाठी मोकळे झाले.